सुवार्ता आणि स्नेहसंबंध

ख्रिस्ती धर्मप्रसाराचा विचार करू लागले की छापखाने, शाळा, दवाखाने आणि बाजारातील प्रवचने ही साधने प्रथम डोळ्यांपुढे येतात. ती मोजता येतात, म्हणून अहवालांतही त्यांनाच मोठे स्थान मिळते. परंतु एखाद्या मनुष्याने पिढ्यान्‌पिढ्यांचा धर्म का सोडला, आणि नव्या धर्मात तो टिकला कसा, याचा शोध घेऊ लागल्यास त्या साधनांच्या मागे बहुधा कोणाचा तरी स्नेह आढळतो. महाराष्ट्रापुरते पाहावयाचे झाल्यास रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या कुटुंबाइतके बोलके उदाहरण दुसरे नाही.

टिळक नागपूरहून राजनांदगावास आगगाडीने चालले असता डब्यात एक युरोपीय गृहस्थ भेटला. बोलणे निघाले ते काव्याचे. निरोप घेताना त्याने नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हाती ठेवली आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. दोघांनी एकमेकांचे नावही विचारले नव्हते. ते पुस्तक टिळकांनी वाचावयास घेतले ते सौजन्यापोटी. पण डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर ते त्यांच्याने खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. हे कार्य पुस्तकाचे, यात शंका नाही. तथापि, ज्याच्या हातून ते आले त्याने प्रवासभर धर्माचा वाद घातला असता तर ते उघडले गेले असते की नाही, हा प्रश्न उरतोच.

मात्र ज्या पावलाने टिळकांस नवे आप्त मिळाले, त्याच पावलाने जुने तुटले. पत्नी लक्ष्मीबाई मुलासह माहेरच्या आणि सासरच्या नातलगांत राहू लागल्या. ही ताटातूट चार-साडेचार वर्षे चालली. त्यानंतर त्या पतीजवळ आल्या, पण ख्रिस्ती होऊन नव्हे. सोवळेओवळे पाळतच आल्या. टिळकांनी घाई केली नाही. स्वभावाने उतावीळ असलेल्या त्या पुरुषाने या एकाच बाबतीत दाखविलेला धीर विलक्षण म्हटला पाहिजे. पुढे राहुरीस लक्ष्मीबाईंच्या मनातील जातिभेद आपोआप गळून पडला आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या इच्छेने बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ वाचणारास हा सारा प्रवास ठाऊक आहेच. त्यात धर्मशास्त्राची चर्चा थोडी. रुसवे, विनोद आणि संसार पुष्कळ.

टिळकांच्या घरात जे दुःख घडले, त्याचा विचार पुढे एका मिशनऱ्यानेही शास्त्र म्हणून केला. मध्यप्रांतातील दमोह येथे १८९७ साली जन्मलेले डोनाल्ड मॅकगॅव्हरन यांनी आपल्या १९५५ च्या ‘द ब्रिजेस ऑफ गॉड’ या ग्रंथात असे मांडले की, धर्म नात्यागोत्यांच्या पुलांवरून चालत जातो. एकेकट्या माणसाला त्याच्या आप्तांपासून तोडून मिशनच्या आवारात आणून ठेवले की ते पूल मोडतात. निरीक्षण खरे आहे. पण यात एक धोकाही दडलेला आहे. नाते हा मार्ग आहे असे एकदा ठरले की त्याचा वापर करण्याचा मोह होतो, आणि हेतू ओळखू आला की समोरचा मनुष्य सावध होतो. शिवाय केवळ आपल्याच गोतात वाढलेल्या मंडळीत जुन्या जातीच्या भिंती उपासनामंदिरातही उभ्या राहतात.

आवारातील जीवनाचा दोष निराळा होता. तेथे परदेशी मिशनरी हा पगार देणारा, घर देणारा, म्हणून मायबाप. आणि देशी पाळक त्याचा आश्रित. अशा संबंधात प्रेम नसते असे नाही, पण मोकळे बोलणे दुर्मिळ होते. टिळकांना हे बोचत असे. देशी माणसाने देशी रीतीने, भजन-कीर्तनाच्या वाटेने ख्रिस्ताकडे जावे, हा त्यांचा आग्रह होता. त्यांनी रचलेली पदे मराठी मंडळ्यांत आजही गायिली जातात.

त्यांच्या स्नेहाची खरी कसोटी मात्र बाहेरच्या माणसांशी लागली. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात ‘बालकवी’ ठरलेले त्र्यंबक बापूजी ठोमरे पुढे अहमदनगरला टिळकांच्या घरी मुलासारखे राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांच्या लहरी सांभाळल्या. ठोमरे ख्रिस्ती झाले नाहीत आणि त्या घरातील त्यांची जागाही त्यामुळे उणी झाली नाही. १९१८ साली, ऐन तारुण्यात, भादली स्थानकाजवळ रेल्वे अपघातात त्यांचा अंत झाला. अहवालाच्या हिशेबाने पाहिले तर एवढ्या ममतेचे फळ शून्य!

त्याच्या आदल्या वर्षी, १९१७ मध्ये, टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त तेथे बंधू म्हणून एकत्र यावेत, ही कल्पना. चर्चमधील अनेकांना ती पटली नाही. बाप्तिस्म्याचे महत्त्व कमी होईल ही त्यांची भीती अगदीच निराधार नव्हती. दरबाराची घडी बसण्यास अवधीही मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले. ‘ख्रिस्तायन’ या महाकाव्याचे आरंभीचेच अध्याय त्यांच्या हातून झाले होते. पुढचा बहुतेक भाग लिहिला तो एके काळी त्यांच्या हातचे पाणीही न घेणाऱ्या लक्ष्मीबाईंनी, आणि शेवट केला पुत्र देवदत्त यांनी.