मंदावलेली अवटू ग्रंथी

ज्वर, वेदना किंवा रक्तस्राव यांच्या रूपाने जी व्याधी एकाएकी प्रकट होते, तिची दखल घरातील माणसे तत्काळ घेतात. परंतु कंठमण्याखाली श्वासनलिकेला बिलगून असलेली अवटू ग्रंथी, जिला आज सर्वत्र थायरॉइड म्हणतात, ती मंदावली म्हणजे मनुष्य इतक्या सावकाश बदलत जातो की, त्याची सुस्ती, वाढते वजन, कोरडी त्वचा, बद्धकोष्ठ, घोगरा आवाज, इतरांना उकडत असताना वाजणारी थंडी आणि पदोपदी होणारे विस्मरण हे सारे वयाच्या किंवा स्वभावाच्या खाती जमा होते. हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत कितीतरी पटींनी अधिक आढळतो. तेव्हा आळशी आणि रडवी ही दूषणे निमूटपणे ऐकून घेतलेल्या किती स्त्रिया वस्तुतः रोगी असतील, या विचाराने मन अस्वस्थ होते.

अन्नातील आयोडिन वेचून ही ग्रंथी थायरॉक्सिन नावाचे संप्रेरक तयार करते, आणि शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीने आपले इंधन किती वेगाने जाळावे हे त्याच्या प्रमाणावर ठरते. म्हणूनच ते उणे पडले की एकच अवयव बिघडत नाही, तर हृदय, आतडे, स्नायू, मन, मासिक पाळी या सर्वांचा कारभार एकदमच ढिला होतो.

हे ज्ञान फार महाग पडले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वित्झर्लंडमधील बर्न येथे थिओडोर कोखर या शल्यविशारदाने गलगंड झालेली ग्रंथी समूळ काढून टाकण्याचे कसब असामान्य कोटीला नेले होते. जखम भरून रोगी घरी जात, आणि या ग्रंथीचे कार्यच कोणास ठाऊक नसल्यामुळे, तिच्यावाचून पुढे त्यांचे काय होते याची विचारपूस करण्याचे कारणही कोणास वाटत नसे. १८७४ साली शस्त्रक्रिया केलेल्या ११ वर्षांच्या एका मुलीचा स्वभाव पार पालटल्याची वार्ता गावच्या डॉक्टराकडून आली, आणि काही वर्षांनी कोखरने तिला स्वतः पाहिले, तेव्हा तिची वाढ खुंटलेली, चेहरा सुजलेला आणि बुद्धी जड झालेली होती. त्याने जुन्या रोग्यांना परत बोलावले, एकेकाची तपासणी केली, आणि ज्यांची ग्रंथी संपूर्ण काढली त्यांपैकी बहुतेकांची हीच अवस्था झाल्याचे १८८३ साली जाहीर करून साध्या गलगंडासाठी ती शस्त्रक्रिया सोडून दिली. १९०९ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु आपल्याच यशाची उलटतपासणी करून तिचा निकाल स्वतःविरुद्ध देणारा कोखर मला त्या पारितोषिकाहून मोठा वाटतो.

उणीव कळली म्हणजे भरपाईही सुचते. १८९१ साली इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे जॉर्ज मरे याने मेंढीच्या अवटू ग्रंथीचा अर्क ४६ वर्षांच्या एका रुग्ण स्त्रीला टोचला. ती सुधारली, आणि पुढे हाच उपचार चालू ठेवून २८ वर्षे जगली. १९१४ साली एडवर्ड केंडॉल यांनी शुद्ध थायरॉक्सिन वेगळे केले, आणि आजची गोळी म्हणजे तेच संप्रेरक प्रयोगशाळेत घडवलेले.

आपल्याकडे पूर्वी हिमालयाच्या पायथ्याशी गलगंडाचे साम्राज्य होते, कारण तेथील मातीत आणि पाण्यात आयोडिन फार कमी होते. १९५६ पासून कांग्रा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांचे सहकारी यांनी आयोडिनयुक्त मिठाने तो ओसरतो हे सिद्ध केले. असे मीठ घरोघर पोहोचल्यावर ग्रंथी मंदावण्याचे कारण म्हणून उरतो तो मुख्यत्वे हाशिमोटोचा विकार, ज्याचे वर्णन हाकारू हाशिमोटो या जपानी शल्यविशारदाने १९१२ साली केले आणि ज्यात शरीराची रोगप्रतिकार संस्था स्वतःच्याच ग्रंथीला शत्रू समजून हळूहळू नष्ट करते. ग्रंथीवरील शस्त्रक्रिया, किरणोत्सारी आयोडिनचा उपचार आणि लिथियमसारखी काही औषधे हीही कारणे होत.

निदानाची युक्ती मोठी सुरेख आहे. थायरॉक्सिन कमी पडू लागले की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी, सुस्त कामगाराला वरचेवर ताकीद देणाऱ्या मामलेदाराप्रमाणे, टीएसएच हे संप्रेरक अधिकाधिक सोडू लागते. म्हणून रक्तातील टीएसएच वाढलेले आणि थायरॉक्सिन घटलेले आढळले की दोष अवटू ग्रंथीतच आहे हे निश्चित होते. पीयूषिका स्वतःच रोगी असेल तर मात्र टीएसएच न वाढताही विकार असू शकतो. याउलट थायरॉक्सिन पुरेसे असून टीएसएच किंचित चढलेले असेल, तर लगेच आजन्म औषध लावण्यापेक्षा काही आठवड्यांनी पुन्हा तपासणे बहुधा श्रेयस्कर.

गोळी सकाळी रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घ्यावी, चहा-न्याहारी अर्ध्या ते एका तासाने, आणि कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या चार तासांच्या अंतराने. कारण हे पदार्थ तिचे शोषण रोखतात. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासतात. वृद्धांना आणि हृदयरोग्यांना आरंभ अल्प मात्रेने करतात. बरे वाटले म्हणून गोळी परस्पर बंद करणे ही सर्वांत सामान्य आणि सर्वांत घातक चूक होय, कारण औषधाने ग्रंथी दुरुस्त होत नाही, केवळ तिची उणीव भरून निघते. गर्भारपणात मात्रा बहुधा वाढवावी लागते; दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना सांगावे.

जन्मतःच ही ग्रंथी नसलेले किंवा दुबळी असलेले अर्भक प्रथम अगदी निरोगी दिसते, आणि लक्षणे उमटेपर्यंत मेंदूची हानी होऊन चुकते. परंतु पहिल्या काही दिवसांत टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवरून निदान होऊन दोन आठवड्यांच्या आत उपचार सुरू झाला, तर ते इतर मुलांसारखेच वाढते. आपल्या देशात ही तपासणी सर्वत्र होत नाही. म्हणून ती झाली की नाही, हे बाळाला घरी नेण्यापूर्वी आईवडिलांनी प्रसूतिगृहात स्वतः विचारून घ्यावे.