शेगडी पेटलेली, तरी बाळ गार

धानाची मळणी सुरू झाली की वैनगंगेकाठच्या गावांत पहाटेचा गारठा वाढू लागतो. याच दिवसांत घरात बाळंतीण असली की बाजेखाली शेगडी येते. दार बंद, खिडकीला पोते, खोलीत गोवरीचा धूर. आत पाऊल टाकणाऱ्याला घाम फुटतो. तरीही घरभेटीला आलेल्या आशाताई बाळाच्या तळपायाला हात लावतात, तर ते गार! ‘रात्रभर शेगडी पेटवून ठेवली, मग बाळ गार कसं?’ हा आजीचा प्रश्न अगदी रास्त आहे.

याचे उत्तर शेगडीच्या स्वभावात आहे. तिच्यामुळे तापलेली हवा हलकी होऊन सरळ वर, कवेलूंच्या फटींकडे जाते आणि तिच्या जागी दाराखालून गार हवा येते. म्हणजे आढ्याला ऊब आणि जमिनीलगत गारठा. शेगडीची जी आच सरळ अंगावर येते ती समोरच्या बाजूलाच पडते आणि अंतर दुप्पट झाले की जेमतेम चौथा हिस्सा उरते. आईची पाठ भाजते आणि तिच्या पलीकडे, भिंतीलगत निजलेल्या बाळापर्यंत काहीच पोहोचत नाही. उलट गार भिंत बाळाला स्पर्शही न करता त्याच्या अंगची ऊब ओढून घेते. गुंडाळीच्या विजेच्या हीटरचेही असेच. धूर नाही एवढाच फरक, मात्र गोधडीचे टोक जवळ गेले तर ती पेटायला वेळ लागत नाही.

मोठ्या माणसाला हे चालून जाते. थंडी वाजली की तो कुडकुडतो, कूस बदलतो, पांघरूण ओढतो. नवजात बाळाला यातले काहीच जमत नाही. त्याच्या वजनाच्या मानाने कातडी जास्त, डोके मोठे, म्हणून ऊब भराभर निघून जाते. मान, पाठ आणि खांद्यांजवळ साठवलेली तपकिरी चरबी जाळून ते स्वतःला तापवते, पण दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाकडे ही शिदोरी फार थोडी असते. ती जाळताना साखर आणि ऑक्सिजन खर्च होतो. साखर उतरली की बाळ सुस्तावते, दूध ओढत नाही. दूध कमी पडले की आणखी गार पडते.

नवजात बाळाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावे. ३६च्या खाली गेले तर ते बाळ धोक्यात आहे असे समजायचे. घरात थर्मामीटर नसेल तर हाताची मागची बाजू आधी बाळाच्या पोटाला आणि मग तळपायाला लावावी. दोन्ही उबदार तर ठीक. पोट उबदार पण पाय गार, तर बाळाला थंडी सोसावी लागते आहे. दोन्ही गार, तर वेळ घालवू नये.

आता शेगडी मोठी करावी का? मुळीच नाही. बंद खोलीत कोळसा किंवा गोवरी अर्धवट जळली की कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. झोपेतच माणूस बेशुद्ध होतो. धुराने बाळाची छाती भरते ती वेगळीच.

उपाय आहे तो ऊब वाया न घालवण्याचा. बाज भिंतीपासून हातभर दूर घ्यावी, बाळाखाली जाड वाकळ घालावी. दाराखालच्या फटीत चिंध्या कोंबाव्यात, पण वरचा झरोका उघडा ठेवावा. बाळाला टोपी आणि मोजे हवेतच. ओला लंगोट लगेच बदलावा, कारण ओल वाळताना ऊब घेऊन जाते. जन्मल्यावर निदान २४ तास आंघोळ नको. वजन कमी असेल तर पुसून घेणेच बरे. या सगळ्याला खर्च कितीसा?

सगळ्यांत चांगली शेगडी मात्र आईची छाती. कोलंबियातील बोगोटा शहरात १९७८ साली पाळण्यांची आणि पेट्यांची टंचाई होती, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी कमी वजनाची बाळे आईच्या उराशी बांधून ठेवायला सुरुवात केली. कांगारूसारखे म्हणून ‘कांगारू मातृसेवा’. टोपी, मोजे आणि लंगोट एवढेच घालून बाळाला आईच्या दोन्ही स्तनांच्या मध्ये उभे धरायचे. मान एका बाजूला, नाक-तोंड मोकळे, आणि वरून लुगड्याने किंवा ओढणीने दोघांना नीट बांधायचे. इथे आच एकाच बाजूला पडत नाही आणि विझतही नाही. आई दमली तर बापाने किंवा आजीने घ्यावे. बापाने छातीशी बाळ बांधण्यात लाज कसली? भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मल्याबरोबर असे ठेवल्याने पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू पंचवीस टक्क्यांनी कमी झाले.

विदर्भाला घरच्या काळजीचे महत्त्व नवे नाही. गडचिरोलीच्या ३९ गावांत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी केलेले काम १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले, आणि त्याच धर्तीवर पुढे आशाताईंच्या घरभेटी देशभर सुरू झाल्या. रुग्णालयात बाळंतपण झाले असेल तर त्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी येतात.

भंडारेकरांना ९ जानेवारी २०२१ ची पहाट सांगायला नको. जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागून दहा बाळे गेली. त्यानंतर ‘मशीनमध्ये ठेवा’ म्हटले की एखाद्या आईच्या काळजात धस्स होत असेल तर नवल नाही. पण फार लहान किंवा आजारी बाळाला वॉर्मर लागतोच. त्याच्या कातडीला चिकटवलेला सेन्सर आच कमी-जास्त करतो, आणि घरच्या शेगडीला नेमके हेच करता येत नाही.

बाळ दूध ओढत नसेल, रडणे क्षीण झाले असेल, पोटही गार लागत असेल, तर १०२ किंवा १०८ला फोन करावा. गाडी येईपर्यंत शेकत बसू नये. बाळाला उराशी बांधावे आणि गाडीतही तसेच ठेवावे. लाखांदूर किंवा तुमसरहून भंडाऱ्याला येईपर्यंत कापडात गुंडाळून मांडीवर धरलेले बाळ आणखी गार पडते. ओढता येत असेल तर वाटेत दूधही पाजत राहावे.