आपला भिडू कोण?

माझ्या लहानपणी अकोल्यात मैदानावर गेलं की पहिलं काम खेळण्याचं नसे, भिडू वाटण्याचं असे. दोन थोराड पोरं कप्तान व्हायची. बाकीच्यांनी सारख्या ताकदीच्या जोड्या करायच्या, लांब जाऊन कानात नावं ठरवायची आणि कप्तानांपुढे येऊन विचारायचं, ‘कोणाले पायजे चांद, कोणाले पायजे सूरज?’ एकाने सूरज मागितला की तो त्याचा, चांद दुसऱ्याचा. संघ आपोआप तुल्यबळ व्हायचे. घाई असली तर मात्र कप्तान पाळीपाळीने थेट नाव घेऊन पोरं उचलायचे. या दुसऱ्या पद्धतीत मी बहुधा शेवटी उरत असे. दोन्ही कप्तान एकमेकांकडे पाहायचे आणि एक जण म्हणायचा, ‘घेतो बाप्पा यालेही.’

ही आठवण निघाली ती माझ्या भाच्यामुळे. तो अमरावतीला इंजिनिअरिंगला आहे. सुटीत घरी आला तेव्हा त्याच्या वहीत गणिताऐवजी फुटबॉलपटूंची नावं होती. मॅराडोना, प्लॅटिनी, बारेसी. ‘मामू, होस्टेलवर आमचा ड्राफ्ट चालू आहे,’ तो म्हणाला. ड्राफ्ट म्हणजे आमचं भिडू वाटणंच, फक्त भिडू मैदानात नसतात, आठवणीत असतात. आठ मित्र, प्रत्येकाने अकरा खेळाडूंचा संघ करायचा. विषय इटलीची जुनी फुटबॉल लीग, १९८० ते २०००. एकाने उचललेला खेळाडू दुसऱ्याला मिळत नाही. पहिल्या फेरीत एक ते आठ असा क्रम, दुसऱ्या फेरीत आठ ते एक. वखर जसा धुऱ्यापर्यंत जातो आणि तिथूनच उलटा फिरतो, तसा. म्हणजे शेवटच्याला लागोपाठ दोन नावं घेता येतात आणि पहिल्याला आपल्या दुसऱ्या पाळीपर्यंत चौदा जणांची वाट पाहावी लागते. शेवटी संघ कागदावर मांडायचे, ज्याने त्याने आपल्या संघाची बाजू लढवायची आणि मतदान घ्यायचं.

इटलीच का, असं मी विचारलं. त्याचं उत्तर इतिहासात आहे. १९६६ च्या विश्वचषकात उत्तर कोरियाकडून हरल्यावर इटलीने आपल्या क्लबांना परदेशी खेळाडू आणायला बंदी केली होती. ती १९८० मध्ये उठली. आधी प्रत्येक क्लबला एक परदेशी, १९८२ पासून दोन, १९८८ पासून तीन. दार एवढंच उघडं असल्यामुळे प्रत्येक क्लब जगातला उत्तमातला उत्तम खेळाडू शोधू लागला. युव्हेंटसने फ्रान्सचा प्लॅटिनी आणला, नेपोलीने अर्जेंटिनाचा मॅराडोना, मिलानने हॉलंडचे गुलिट, व्हॅन बास्टन आणि रायकार्ड, तर इंटरने जर्मनीचे मॅथेउस, ब्रेमे आणि क्लिन्समन. उडिनेसारख्या लहान गावाच्या क्लबकडून ब्राझीलचा झिको खेळला आणि १९८३-८४ च्या मोसमात त्याने लीगमध्ये १९ गोल केले. पुढे डिसेंबर १९९५ मध्ये युरोपीय न्यायालयाने बोस्मन खटल्यात निकाल दिला आणि युरोपीय संघातल्या देशांच्या खेळाडूंवरची ही संख्येची बंधनं गेली. पण मधली ती पंधरा वर्षं म्हणजे पोरांच्या वादाला न संपणारा खजिना.

भाच्याचा क्रमांक आठवा होता. पहिल्या सात जणांनी मॅराडोना, प्लॅटिनी, व्हॅन बास्टन, रोनाल्डो, झिदान, बाज्जो आणि मॅथेउस उचलले. याने लागोपाठ दोन नावं घेतली, बारेसी आणि माल्दिनी. दोघेही बचावपटू, दोघांनीही आयुष्यभर मिलान हा एकच क्लब खेळला. सारे हसले. पण मतदानात याचा संघ पहिला आला. कारण सोपं आहे. गोल करणारे त्या लीगमध्ये पुष्कळ होते, तिसऱ्या-चौथ्या फेरीतही चांगला मिळत होता. बारेसीच्या तोडीचा बचावपटू मात्र दुसरा नव्हता. सर्वांत मोठा कोण हे या खेळात विचारायचं नसतं. कोण गेला तर त्याच्या जागी दुसरा मिळणार नाही, हे विचारायचं असतं.

मी म्हटलं, आपणही खेळू. पण फुटबॉल नको, आपल्या विदर्भाची रणजी घेऊ. १९५७-५८ मध्ये विदर्भ पहिल्यांदा रणजी करंडकात उतरला, तेव्हापासूनचे सगळे खेळाडू. एका बाजूला अकोला, म्हणजे मी आणि आमच्या मोहल्ल्यातले निवृत्त गुरुजी. दुसऱ्या बाजूला अमरावती, म्हणजे भाचा आणि माझे एक कविमित्र. आलूबोंडे आले, वही उघडली आणि एकही नाव न घेता तासभर भांडण झालं. प्रश्न एकच होता, आपला कोण?

कविमित्रांनी पहिलंच नाव कर्नल सी. के. नायडूंचं घेतलं. जन्म नागपूरचा, १८९५ चा. भारताचे पहिले कसोटी कर्णधार. त्यांच्याशिवाय विदर्भाचा संघ कसा? गुरुजींनी मान हलवली. नायडूंनी रणजी गाजवली ती इंदूरच्या होळकर संघाकडून. विदर्भाचा संघ जन्मला तेव्हा त्यांचं खेळण्याचं वय उलटून गेलेलं. मग मी वसीम जाफरचं नाव काढलं. आता अमरावती उखडली. तो तर मुंबईचा! खरं आहे. पण विदर्भाने लागोपाठ दोन वेळा करंडक जिंकला तेव्हा जाफर विदर्भाकडून खेळत होता आणि २०१८-१९ च्या मोसमात चाळिशी ओलांडून त्याने १०३७ धावा काढल्या. मग करुण नायर? तो कर्नाटकचा, पुढे तिकडेच परत गेला. पण २०२५ च्या अंतिम सामन्यात त्याने ८६ आणि १३५ धावा केल्या त्या विदर्भाच्या टोपीत.

गुरुजी इतका वेळ गप्प होते. म्हणाले, ‘जो आपल्यासाठी उनात उभा राह्यला, तो आपला. जनम कुठं झाला हे जनगणनावाले पाहतीन.’ नियम ठरला. विदर्भाकडून निदान दोन मोसम खेळलेला कोणीही चालेल.

मला तेव्हा १९९० ची एक रात्र आठवली. ३ जुलै, रात्री साडेअकरा. शेजाऱ्यांच्या टीव्हीपुढे आम्ही दाटीवाटीने बसलेलो. विश्वचषकाचा उपांत्य सामना, इटली विरुद्ध अर्जेंटिना, आणि मैदान नेपल्सचं. मिलान-तुरिनच्या श्रीमंत उत्तरेने नेपल्सला नेहमी मागास म्हणून हिणवलं होतं. त्या नेपल्सला १९८७ मध्ये लीगचं पहिलं विजेतेपद मिळवून दिलं मॅराडोनाने. आता तोच मॅराडोना अर्जेंटिनाचा कप्तान होऊन त्याच गावात उतरला होता आणि लोकांना सांगत होता की एरवी तुम्हाला परकं मानणारे आज तुमच्याकडे इटालियन व्हायची मागणी करताहेत. अर्जेंटिना पेनल्टींवर जिंकली. २०२० मध्ये मॅराडोना गेला, तेव्हा काही दिवसांतच नेपल्सने ते मैदान त्याच्या नावाचं केलं. त्याचा जन्म कुठला हे त्यांनी विचारलं नाही.

आपल्याकडेही असंच एक नाट्य घडलं. २०१९ मध्ये नागपूरला सौराष्ट्राविरुद्धच्या अंतिम सामन्यात अकरा बळी घेऊन करंडक राखला तो आदित्य सरवटेने. सहा वर्षांनी, त्याच नागपुरात, अंतिम सामन्यात तोच सरवटे केरळकडून विदर्भाविरुद्ध खेळत होता आणि ७९ धावा काढून आपल्याला घाम फोडत होता. मग तो आपला की परका? आमच्या वहीत तो आपला. २०१९ चे ते अकरा बळी कोणी परत घेऊ शकत नाही.

निवड सुरू झाली आणि भाच्याचा धडा कामाला आला. विदर्भाकडे फिरकीपटूंची कधी वाण नव्हती. प्रीतम गंधे, अक्षय वखरे, सरवटे आणि २०२४-२५ च्या एका मोसमात विक्रमी ६९ बळी घेणारा हर्ष दुबे. म्हणून फिरकी मागे ठेवली. वेगवान गोलंदाज थोडे, ते आधी उचलले. मी उमेश यादव घेतला, विदर्भाचा पहिला कसोटीपटू, पदार्पण २०११. भाच्याने लगेच रजनीश गुरबानी उचलला. इंदूरला दिल्लीविरुद्ध, विदर्भाच्या पहिल्याच अंतिम सामन्यात हॅटट्रिक घेणारा. मी फैज फजल घेतला, पहिल्या दोन्ही करंडकांचा कर्णधार. त्याने भारताकडून एकच एकदिवसीय सामना खेळला, २०१६ मध्ये, त्यात नाबाद ५५ केल्या, आणि पुन्हा त्याला बोलावणं आलं नाही. गुरुजींनी हक्काने अकोल्याचा आदित्य ठाकरे मागितला, ज्याचं रणजी पदार्पणच इंदूरच्या त्या अंतिम सामन्यात झालं.

यष्टिरक्षकावर मात्र घोडं अडलं. अमरावतीला आपल्या गावचा जितेश शर्मा हवा होता, भारताकडून वीस षटकांचं क्रिकेट खेळलेला. गुरुजी म्हणाले, वीस षटकांचा संघ असता तर पहिला तोच. पण चार दिवसांच्या सामन्यांत तो फार उतरलेला नाही, आणि अक्षय वाडकरने इंदूरला अंतिम सामन्यात १३३ केल्या, पुढे २०२५ चा करंडक कर्णधार म्हणून उचलला. कोणत्या खेळासाठी निवडतो आहोत हे विसरलं की निवड चुकते.

शेवटच्या दोन पाळ्या गुरुजींच्या होत्या. उमेश झाला, जाफर झाला, आता कोण? त्यांनी सुहास फडकर आणि प्रवीण हिंगणीकर ही नावं घेतली. भाच्याने मोबाइल काढला. ‘यांचे व्हिडिओच नाहीत, गुरुजी. आणि तेव्हा तर विदर्भ हरतच होता.’

गुरुजी शांतपणे म्हणाले, ‘म्हणूनच घेतो लेका. जिंकणाऱ्या संघात सारेच चमकतात. हरणाऱ्यात जो उभा राह्यला त्याले कोण घेईन?’

खरं म्हणजे हा या खेळातला सर्वांत अवघड हिशेब आहे. पहिला सामना १९५७-५८ चा आणि पहिला करंडक २०१७-१८ चा. मधली साठ वर्षं मार खात काढली, आणि त्या साठ वर्षांतल्या माणसांच्या सरासरीत तो मार मिसळलेला आहे. झिको उडिनेकडून खेळला म्हणून त्याचे १९ गोल आपण कमी मोजत नाही. मग यांचं माप वेगळं का?

मी घरी उर्दू बोलतो, बाजारात वऱ्हाडी बोलतो आणि कविता मराठीत लिहितो. एकदा एका संपादकाने संकलनासाठी कविता मागवल्या आणि वर विचारलं, तुम्हाला कोणत्या विभागात घालू? मी उत्तर दिलं नाही, कवितांचं पाकीटच परत मागवलं. आता वाटतं, गुरुजींचं वाक्य लिहून पाठवायला हवं होतं.

वहीतले दोन्ही संघ पूर्ण झाले. मतदान झालंच नाही, कारण चारही मतं आपापल्या गावाला पडणार हे उघड होतं. अमरावतीहून कविमित्रांचा फोन अजून येतो. बाकी सारं मान्य आहे, म्हणतात, फक्त यष्टिरक्षकाचं पुन्हा एकदा बसून ठरवू.