वऱ्हाडचे अन्न आणि हरितगृह वायूंचा हिशेब

अन्नापायी किती हरितगृह वायू वातावरणात जातात, या प्रश्नाची दोन भिन्न उत्तरे संभवतात. ज्या भूमीवर वायू निर्माण झाला तिच्या नावे तो मांडणे, हा उत्पादनाचा हिशेब. ज्याने अन्न खाल्ले त्याच्या नावे मांडणे, हा उपभोगाचा हिशेब. या दोहोंतील अंतर अमरावती व अकोला जिल्ह्यांच्या उदाहरणाने स्पष्ट होईल.

वऱ्हाडची काळी जमीन मुख्यतः पावसावर पिकते. ज्वारी हे येथील पूर्वापार अन्नधान्य. माणसांस भाकरी आणि गुरांस कडबा ती पुरवीत असे. ज्वारीच्या शेतात पाणी साचवावे लागत नाही. भातखाचरात मात्र साचलेल्या पाण्याखाली प्राणवायूचा अभाव असतो, व तेथील सूक्ष्मजीव सेंद्रिय द्रव्याचे विघटन करताना मिथेन निर्माण करतात. शंभर वर्षांचा काळ धरल्यास मिथेनचा तापनपरिणाम समान वजनाच्या कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारे २७ पट भरतो.

१९८० नंतरच्या दशकांत ज्वारीचे क्षेत्र घटले व सोयाबीन पसरले. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यान्वये मिळणारे धान्य बव्हंशी गहू व तांदूळ हेच राहिले. भाकरीच्या जागी भात आला, की त्यामागील मिथेन वऱ्हाडच्या नावे उमटत नाही. तो दूरच्या भातखाचरांच्या नावे पडतो. उलट, सोयाबीनच्या मशागतीत जळणारे डिझेल येथील हिशेबात येते, परंतु त्याची पेंड परप्रांतीय वा परदेशीय पशुखाद्यात जाऊ शकते.

याचा अर्थ ज्वारी सर्वथा निर्दोष आहे, असा नव्हे. पिकाने न घेतलेल्या युरियातील नत्राचा काही अंश नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने निसटतो, आणि हा वायू मिथेनहूनही कितीतरी प्रखर आहे. तुरीच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र स्थिर करतात. म्हणून ज्वारीत तुरीचे आंतरपीक घेण्याच्या रूढीस येथे विशेष महत्त्व प्राप्त होते. कडबा खाणारी गुरेही रवंथ करताना मिथेन सोडतात, व भारतीय शेतीच्या उत्सर्जनात निम्म्याहून अधिक वाटा याच कारणाचा आहे. तथापि बैलाचा मिथेन धान्याच्या नावे किती व ओढकामाच्या नावे किती मांडावा, हे आधी ठरविणे अवश्य आहे.

तात्पर्य, जिल्ह्याच्या शेतीचे आकडे म्हणजे जिल्ह्याच्या आहाराचे आकडे नव्हेत. अभ्यासकाने कुटुंबाच्या महिन्याच्या धान्य, डाळ, तेल व दुधाची नोंद घेऊन प्रत्येक जिन्नस कोठून आला हे शोधावे. तसे न केल्यास शहरी ताटाचा भार कोरडवाहू शेतकऱ्याच्या माथी मारला जाईल, आणि उपायही चुकीच्या ठिकाणी योजले जातील.