जुन्या जीपची चेसिस : गंज झाकू नका, काढा

कापडाच्या धंद्यातील माणसाने लोखंडावर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु या बाबतीतला आमचा तजुर्बा पुस्तकातून आलेला नाही, तो आम्ही पैसे मोजून घेतला आहे. आमच्या वाचकांत बाजारहाट करणारे व्यापारी आहेत, तसेच गॅरेज, वेल्डिंग व डेंटिंग-पेंटिंग करणारे कारागीरही पुष्कळ आहेत. दोघांनाही उपयोग व्हावा म्हणून ही माहिती देत आहोत.

काही वर्षांपूर्वी आम्ही एक जुनी जीप विकत घेतली. गाडी रत्नागिरीच्या किनाऱ्याकडची होती. वाकून पाहिले तर खालून काळीभोर चेसिस चमकत होती. आम्ही खूष झालो आणि सौदा केला. वर्षाच्या आत चांदवडच्या घाटात मागच्या पाट्याचे ब्रॅकेट चेसिसच्या पत्र्यासकट फाटून निघाले. गाडीत कापडाचे तागे होते आणि आमचा धाकटा भाऊ चालवीत होता. वेग कमी होता म्हणून गाडी डोंगराच्या बाजूला घसरून थांबली. दुसऱ्या बाजूला दरी होती. अल्लाहने जीव वाचविला. नंतर पेचकस टोचून पाहिला तेव्हा कळले की, गंजावर पुटिंग भरले होते व त्यावर काळा रंग मारला होता. पेचकस आरपार गेला.

चेसिस म्हणजे काय?

आजच्या बहुतेक लहान मोटारींना वेगळी चेसिस नसते, बॉडीच सर्व भार घेते. जीपचे तसे नाही. तिच्या खाली पोलादी पट्ट्यांची शिडी असते. दोन लांब बाजू आणि त्यांना जोडणारे आडवे क्रॉस मेंबर. इंजिन, पाटे, स्टिअरिंग, बॉडी सारे या शिडीवर बसते. म्हणून बॉडीचा पत्रा सडला तर गाडी कुरूप दिसते, परंतु चेसिस सडली तर माणसाच्या जिवाला धोका होतो.

आपल्या देशात या गाड्यांचा इतिहास जुना आहे. १९४५ साली महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही कंपनी काढली. १९४७ साली विलीज जीपचे सुटे भाग आयात करण्यास सुरुवात झाली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली कंपनीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले. त्या घराण्यातील जीपगाड्या आजही खेड्यापाड्यांत, शेतांत आणि हौशी लोकांच्या अंगणात उभ्या आहेत. इंजिनाचे भाग मिळतात, बॉडी नवी बनते. प्रश्न चेसिसचाच असतो.

गंज कोठे धरतो?

लोखंडाला हवा व पाणी एकत्र मिळाले की गंज चढतो. मीठ असेल तर हे काम फार वेगाने होते. म्हणून किनाऱ्यावरची गाडी आणि मालेगावसारख्या कोरड्या भागातील गाडी यांत फरक असतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. त्यामुळे एकावर एक जोडलेल्या दोन पट्ट्यांमध्ये तो शिरला की पट्ट्या फुगतात व वेल्डिंग उकलते.

चेसिस काही ठिकाणी उघड्या नालीसारखी, तर काही ठिकाणी बंद पेटीसारखी असते. या पेटीत चिखल साचतो, पाणी निघण्याची छिद्रे बुजतात आणि लोखंड आतून सडते. बाहेरचा रंग मात्र शाबूत दिसतो. पाट्यांची ब्रॅकेटे, शॅकलच्या जागा, सर्वांत मागचा क्रॉस मेंबर आणि बॉडी व चेसिस यांच्यामधील रबराखालच्या जागा प्रथम पाहाव्यात. लहान हातोडीने ठोकत जावे. चांगले लोखंड खणखणीत वाजते, सडलेले बद्द वाजते.

कामाचा क्रम

अगोदर बॅटरी काढावी. पेट्रोलची टाकी, पाइप व ब्रेकच्या नळ्या उतरवून दूर ठेवाव्यात. रिकामी टाकी भरलेल्या टाकीइतकीच, किंबहुना जास्त धोक्याची, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ असते. बॉडी उचलण्यापूर्वी प्रत्येक जागेचा फोटो घ्यावा. नट-बोल्ट पिशव्यांत घालून चिठ्ठी लावावी.

चेसिस मोकळी झाली की आधी ग्रीस व तेल धुवावे, मग गंज काढावा. क्रम उलटा केला तर तेल घासून लोखंडात पसरते. पुष्कळ ठिकाणी चेसिसवर जळके काळे ऑइल मारण्याची रीत आहे. त्याने थोडे दिवस पाणी लागत नाही हे खरे. परंतु धूळ चिकटते, रबराचे बुश फुगून खराब होतात आणि पुढे रंग धरत नाही. असे ऑइल असेल तर धुलाईत कंजुषी करू नये.

आम्हा कापडवाल्यांना हे लगेच समजते. कोऱ्या कापडातील कांजी व तेलकटपणा काढल्याशिवाय रंगारी ते कुंडात टाकीत नाही. टाकले तर रंग डाग-डाग धरतो आणि पहिल्या धुलाईत उतरतो. लोखंडाचेही तसेच आहे. रंगाचे आयुष्य रंगाच्या डब्यापेक्षा अगोदरच्या सफाईवर जास्त अवलंबून असते.

गंज काढण्यासाठी तारेचा ब्रश व ग्राइंडर चालतो, परंतु खड्ड्यांतील गंज त्याने निघत नाही. ब्लास्टिंग उत्तम. मात्र येथे कारागीर बंधूंना हात जोडून सांगणे आहे की, साध्या वाळूने कोरडे ब्लास्टिंग करू नका. तिच्या बारीक धुळीने सिलिकोसिस होतो. हा फुप्फुसाचा रोग बरा होत नाही. गार्नेट किंवा पोलादी ग्रिट वापरावे आणि तरीही बाहेरून हवा पुरविणारे शिरस्त्राण घालावे. तोंडाला बांधलेला रुमाल काही कामाचा नाही. दोन पैसे वाचविण्यासाठी उस्तादाने शागिर्दाची छाती पणाला लावू नये.

वेल्डिंग

सडलेला भाग चांगले लोखंड लागेपर्यंत कापून काढावा. गंजावर तुकडा ठेवून वेल्ड केला तर खाली गंज चालूच राहतो. तुकडा मूळ पत्र्याच्याच जाडीचा घ्यावा. फार जाड तुकडा मजबूत दिसतो, पण त्याच्या काठाशी ताण एकवटतो व तेथेच चीर जाते. ठिगळाची कड चेसिसच्या उंचीला सरळ उभी न ठेवता तिरकी ठेवावी, म्हणजे सारा ताण एका रेषेवर येत नाही.

एका दमात लांब वेल्ड ओढू नये. थोडे इकडे, थोडे तिकडे करीत जावे, नाहीतर उष्णतेने चेसिस वाकते. कामापूर्वी, मधे व शेवटी दोन्ही कर्ण फितीने मोजावेत. ते सारखे आले पाहिजेत. न आल्यास गाडी एका बाजूला ओढेल व टायर खाईल.

रंग

ब्लास्टिंग केलेले लोखंड उघडे राहिले की काही तासांतच त्यावर पुन्हा तांबूस झाक येते. म्हणून त्याच दिवशी, शक्यतो चार तासांच्या आत, प्रायमर लावावा. हवेतील दमटपणा ८५ टक्क्यांच्या वर असेल तर रंगकाम करू नये. पावसाळ्यात हे काम काढूच नये हे बरे.

आपल्याकडे रेड ऑक्साईड सर्वांना माहीत आहे. तो स्वस्त आहे, पण चिखलपाण्यात राहणाऱ्या चेसिसला पुरेसा नाही. त्यावर दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर सरस ठरतो, कारण तो ओलावा कमी आत जाऊ देतो व लोखंडाला घट्ट धरतो. डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच रंग व हार्डनर मिसळावा. अंदाजाने मिसळलेला रंग कधी सुकत नाही, कधी तडकतो. कडा, कोपरे व वेल्ड यांवर रंग पातळ बसतो, म्हणून तेथे आधी ब्रशने एक हात द्यावा, मग स्प्रे करावा. वरचा रंग पॉलियुरेथेनचा असेल तर त्याच्या हार्डनरमधील आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो. तो फवारतानाही हवा पुरविणारा मास्कच हवा.

काही लोक गॅल्व्हनायझिंग सुचवितात. ते टिकाऊ आहे. परंतु चेसिस सुमारे ४५० अंश तापलेल्या जस्तात बुडते. ती वाकण्याची भीती असते आणि बंद पेटीला हवा जाण्यास छिद्र नसेल तर ती फुटू शकते. जाणकार कारखान्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

बाहेरचा रंग सुकला की पेटीच्या आत लांब नळीने पातळ मेण फवारावे. पाणी निघण्याची छिद्रे मोकळी ठेवावीत. आमच्या गाडीचा घात आतूनच झाला होता.

कागदपत्रांची बाब

चेसिसवर कोरलेला नंबर ही गाडीची ओळख होय. ग्राइंडर लावण्यापूर्वी तो शोधून, फोटो घेऊन पट्टीने झाकावा. तो घासला गेला तर गाडी पासिंगला अडते आणि चोरीचा संशय येतो. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी व त्यानंतर दर ५ वर्षांनी नव्याने करावी लागते आणि तेव्हा हा नंबर तपासला जातो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. २०२१ साली केंद्राने ५० वर्षांवरील गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम काढले. त्यांत गाडी मूळ रूपात असावी, चेसिस-बॉडी-इंजिनात मोठा फेरबदल नसावा अशी अट आहे. म्हणून हौशी मालकाने दुरुस्ती करावी, पण चेसिस लांब-आखूड करण्याच्या फंदात पडू नये.

शेवटी दोन शब्द

गाडी घेणाऱ्याने खालच्या नव्या काळ्या रंगावर भाळू नये. सौद्यापूर्वी हातोडी व पेचकस घेऊन अर्धा तास खाली झोपावे आणि विकणारा आडकाठी करील तर परत फिरावे.

कारागीर बंधूंसाठी हे काम चांगल्या रोजीचे साधन आहे. जुन्या जीपचे शौकीन चोख कामाला चांगला दाम देतात. काय कापले, कोणता पत्रा घातला, कोणता रंग लावला याचे फोटो व लेखी बिल गिऱ्हाइकाला द्यावे. जे दुरुस्त झाले नाही तेही बिलावर लिहावे. कापडात ऐब असेल तर आम्ही ताग्यावर खूण करून भाव कमी करतो. गिऱ्हाईक रागावत नाही, उलट पुन्हा येते. आमची जीप दुसऱ्यांदा ज्या कारागिराने उघडली त्याने पहिल्याच दिवशी सडलेल्या अकरा जागांना खडूने खुणा करून दाखविल्या आणि मगच पैशाचे बोलला. आज तीच गाडी आमचा माल घेऊन त्याच घाटातून जाते आणि भाऊच ती चालवितो.