उंदराची मालकी आणि विद्येचे मोल

१२ एप्रिल १९८८ रोजी अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने हार्वर्ड विद्यापीठाला एका उंदराचे पेटंट दिले. यंत्रांची व रसायनांची पेटंटे जगाच्या परिचयाची होती. सस्तन प्राण्याचे हे पहिलेच.

फिलिप लेडर व टिमोथी स्ट्युअर्ट या शास्त्रज्ञांनी पेशींच्या वाढीला चालना देणारे ‘मिक’ हे जनुक उंदराच्या फलित बीजांडात घातले होते. स्तनग्रंथींत ते कार्यरत व्हावे म्हणून त्याला एका विषाणूतील नियंत्रक तुकडा जोडला होता. अशा माद्यांना गर्भारपणात स्तनाचा कर्करोग होतो, असे १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु ते जनुक ग्रंथीभर असूनही गाठ एखाद्याच जागी येई. १९८७ मध्ये ‘मिक’ आणि ‘रास’ ही दोन्ही जनुके एकाच उंदरात आणली, तेव्हा गाठी अधिक लवकर आल्या. तरीही सारी ग्रंथी ग्रासली गेली नाही. कर्करोगाला एक आघात पुरत नाही, आघातांची मालिका लागते, या विचाराला त्यामुळे बळकटी आली. स्त्रीच्या शरीरात वर्षानुवर्षे नकळत चालणारी प्रक्रिया प्रयोगशाळेत काही महिन्यांत पाहता येऊ लागली.

येथवर सारे स्वागतार्हच. मात्र संशोधनाला पैसा पुरविणाऱ्या ड्यूपाँ कंपनीकडे या पेटंटाचे सर्वाधिकार गेले आणि उंदीर वापरू इच्छिणाऱ्या संशोधकांवर अटी आल्या. भावी शोधांच्या उत्पन्नातही कंपनीने वाटा मागितला. अमेरिकन सरकारच्या आरोग्य संस्थेशी झालेल्या करारानंतर, २००० मध्ये, बिगर-व्यापारी संशोधनापुरत्या या अटी सैल झाल्या.

पैसा घालणाऱ्याला मोबदला नको काय, असा प्रश्न कोणी विचारील. मोबदला हवाच. परंतु विक्रीचे औषध आणि संशोधनाचे साधन यांत भेद आहे. धान्य एकाने खाल्ले की दुसऱ्याला उरत नाही. ज्ञान वापरल्याने आटत नाही. त्याच्या वाटेवर जकातनाका बसवला, तर भुर्दंड अखेरीस रुग्ण स्त्रीलाच पडतो.

२००२ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी या उंदराचे पेटंट नाकारले. भारतीय कायद्यानेही सूक्ष्मजीव वगळता प्राण्यांना पेटंट निषिद्ध ठरविले आहे. ही सावधगिरी योग्यच होय. मात्र खाजगी भांडवलाला दार अरुंद करणाऱ्या समाजाने सार्वजनिक तिजोरीचे दार तरी उघडे ठेवले पाहिजे. दोन्ही दारे बंद करून संशोधन व्हावे, ही अपेक्षा व्यर्थ होय.