घोटी ते आयएसएल : फुटबॉलची ही शिडी चढायची कशी?

समजा, घोटीतला एक मुलगा उत्तम फुटबॉल खेळतो. टीव्हीवर त्याला दिसते ती इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल. घोटी आणि आयएसएल यांच्यामध्ये मात्र बऱ्याच पायऱ्या आहेत.

सुरुवात जिल्हा संघटनेपासून. तिच्यावर राज्याची संघटना ‘विफा’, मग राज्य पातळीवरची लीग. त्यापुढे देशपातळी सुरू होते. २०२४-२५ मध्ये तिथल्या पायऱ्या अशा होत्या : आय-लीग ३ (२०२३ पासून), आय-लीग २, आय-लीग आणि शेवटी आयएसएल. वरचे संघ बढती घेतात, तळातले खाली घसरतात. २०२४-२५ मध्ये आय-लीगमध्ये १२ संघ होते, प्रत्येकाचे २२ सामने. विजयाला ३ गुण, बरोबरीला १.

आय-लीगच्या विजेत्याला आयएसएलचे दार उघडले ते २०२२-२३ पासून. पहिला मान पंजाबच्या संघाला मिळाला. गंमत अशी, की २०२४-२५ पर्यंत आयएसएलमधून खाली पडण्याची भीती कुणालाच नव्हती.

शिवाय नुसते गुण पुरत नाहीत. क्लब परवाना लागतो : मैदान, पात्रताधारक प्रशिक्षक, युवा संघ, आर्थिक हिशेब. इथेच पैशाचा प्रश्न येतो आणि महाराष्ट्राची दुखरी बाजूही. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. पुणे एफसी २०१२-१३ ला आय-लीगमध्ये उपविजेता होता. दोनच वर्षांनी मालकांनी हात आखडता घेतला. मुंबईचा केंकरे एफसी २०२२-२३ नंतर आय-लीगमधून घसरला.

खेळाडूला मात्र क्लबबरोबरच चढावे लागते असे नाही. चांगला असेल तर वरचा क्लब त्याला थेट उचलतो. त्यासाठी अखिल भारतीय महासंघाच्या ऑनलाइन प्रणालीत नोंदणी हवी, जन्मतारखेचा पुरावा हवा. ही कटकट वाटते, पण कागदाची किंमत २०२४-२५ ने दाखवून दिली. शेवटच्या सामन्यानंतर गोव्याचा चर्चिल ब्रदर्स ४० गुणांवर, इंटर काशी ३९ वर. वाद होता तो खेळाडूंच्या पात्रतेचा. नामधारी एफसीने काशीविरुद्ध बंदीत असलेला खेळाडू उतरवला होता, तर काशीच्या एका खेळाडूच्या नोंदणीवरही आक्षेप होता. प्रकरण स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादापर्यंत गेले. जुलै २०२५ मध्ये निकाल लागला आणि विजेतेपद गोव्याऐवजी काशीला मिळाले.